घर आहे, मिळकत नाही

(द्वितीय वर्ष, कला)

घरपट्टी हा विषय वार्षिक अंकात शोभणारा नाही, असे काहींना वाटेल. पण अर्थशास्त्राच्या तासाला 'कर देण्याची क्षमता' ही कल्पना शिकताना मला प्रथम आठवली ती घरपट्टीच. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना आलेली बिले वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. बिलात घराचे क्षेत्रफळ असते, आकारणी असते. घरात राहणाऱ्याची मिळकत किती, याला मात्र रकाना नसतो.

प्राप्तिकर मिळकत थांबली की थांबतो. घरावरचा कर तसा नाही. त्याची आकारणी घरावर होते, भरणा मात्र हातातल्या रोख पैशातून करावा लागतो. म्हातारपणी पगार बंद होतो आणि त्याच वेळी आजूबाजूच्या जागांचे भाव चढत असतात. कागदोपत्री माणूस श्रीमंत होत जातो. पण घराची एक भिंत विकून काही पट्टी भरता येत नाही. मग घर विकायचे, की औषधपाणी कमी करायचे?

अमेरिकेत शाळा आणि स्थानिक कारभार मोठ्या प्रमाणात याच करावर चालतात. त्यामुळे तेथे हा प्रश्न फार तीव्रतेने पुढे आला. त्यावरचे तीन उपाय पाहण्यासारखे आहेत.

पहिला कॅलिफोर्नियाचा. ६ जून १९७८ रोजी तेथील मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. कराचा मूळ दर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि मालकी बदलेपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, असे ठरले. जुन्या घरमालकांना मोठा दिलासा मिळाला. परंतु येथे मिळकत कोणी विचारीत नाही. गरीब विधवेला मिळते तीच सूट धनिकाच्या बंगल्याला आणि कंपनीच्या इमारतीलाही मिळते.

दुसरा उपाय विस्कॉन्सिन राज्याने १९६४ साली वृद्धांसाठी सुरू केला. विजेचा भार वाढला की प्रवाह तोडणारे 'सर्किट ब्रेकर' असते, त्यावरूनच या पद्धतीला नाव पडले. मिळकतीच्या मानाने कराचा भार जास्त झाला, की काही रक्कम राज्य सरकार परत देते. पैसा राज्याच्या तिजोरीतून येत असल्याने गावाचे किंवा शाळेचे उत्पन्न घटत नाही.

तिसरा उपाय कर पुढे ढकलण्याचा. कॅलिफोर्नियातच ६२ वर्षांवरील, कमी मिळकतीच्या घरमालकाचा कर राज्य भरते आणि घरावर बोजा चढवते. पुढे घर विकले गेले, की व्याजासह वसुली होते. ही सूट नव्हे, कर्जच. पण हयातीत घर सुटत नाही.

यातला दुसरा उपाय मला अधिक न्याय्य वाटतो, कारण तो नेमका प्रश्न विचारतो: या माणसाला हा भार पेलवतो का? अर्थात त्यातही उणिवा आहेत. विस्कॉन्सिनमध्ये मिळकतीची मर्यादा २०१२ साली २४,६८० डॉलर होती. २०२० सालीही तीच होती. महागाई वाढत गेली, मर्यादा जागची हलली नाही. म्हणजे कायदा न बदलताच सवलत आकसली. कर पुढे ढकलण्याची योजना तर कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये पैशाच्या टंचाईत बंद केली आणि २०१४ च्या कायद्याने पुन्हा आणली. शिवाय अर्ज भरल्यावाचून यातले काहीच हाती पडत नाही.

आपल्याकडे मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करात माफी मिळाली. निर्णय स्वागतार्हच, पण तेथे कसोटी क्षेत्रफळाची आहे. लहान घरातला माणूस गरीबच असतो असे नाही, आणि वडिलोपार्जित ऐसपैस घरात एकटी राहणारी म्हातारी सधनच असते असेही नाही.

रस्ते, दिवे, पाणी यांना पैसा लागतो, तेव्हा सरसकट माफी मागणे बरोबर होणार नाही. वय, मिळकत आणि त्या घरातले वास्तव्य, या तिन्ही गोष्टी पाहून सवलत द्यावी. अर्ज एका पानाचा, सोप्या मराठीत असावा, आणि तो कराच्या बिलासोबतच घरी यावा. ज्याला सवलतीची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच कचेरीचा जिना चढणे सर्वांत अवघड जाते.