झडप बदललेल्याचा ताप

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरीतले दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरतात. भातलावणीच्या चिखलात उतरलेल्याला लेप्टोची शंका, बाकीच्यांना मलेरिया किंवा डेंग्यूची. या गर्दीत एखादा रुग्ण हृदयाची झडप बदललेला असतो. त्याचा ताप वेगळ्या नजरेने पाहायलाच हवा.

आपल्याकडे अनेकांच्या झडपा लहानपणच्या सांधेतापाने खराब होतात. दुर्लक्षित घसादुखी हे त्याचं मूळ. पुढे तरुणपणी धाप लागते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, त्यानंतर हा उपचार गरिबांच्याही आवाक्यात येऊ लागला.

पण कृत्रिम झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. रक्तात शिरलेले जंतू तिच्या कडेला, टाक्यांपाशी चिकटतात आणि चिवट थर तयार करतात. त्या थरात शरीराच्या संरक्षक पेशी सहज पोचत नाहीत, औषधही पुरतं भिनत नाही. थराचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात हे जंतू बऱ्याचदा त्वचेवरचे, स्टॅफिलोकोकस जातीचे असतात. जखमेतून किंवा सलाइनच्या नळीतून ते आत जातात. नंतरच्या काळात तोंडातले स्ट्रेप्टोकोकस अनेकदा कारण ठरतात. किडलेले दात आणि मिश्रीने खराब झालेल्या हिरड्या म्हणूनच हृदयाच्याही काळजीचा विषय आहेत.

खरं नुकसान होतं ते घाईत घेतलेल्या अँटिबायोटिकने. दोन दिवस ताप उतरतो, जंतू मात्र झडपेवर तग धरून राहतात. मग रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि नेमकं औषध निवडणं अवघड होतं. म्हणून पहिल्या डोसआधी शरीराच्या वेगवेगळ्या जागांवरून रक्ताचे तीन नमुने घेतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर नमुने भराभर घेऊन लगेच औषध सुरू करतात. त्यानंतर अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर झडप जवळून दिसते. शिरेतून औषध साधारण सहा आठवडे चालतं, काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. एवढं करूनही पाचांतला किमान एक रुग्ण दगावतो.

दात काढण्याआधी अशा रुग्णांना अँटिबायोटिकचा एक डोस देतात. तो हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. शस्त्रक्रियेचं कार्ड कायम जवळ ठेवा. ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणण्याआधी डॉक्टरांना गाठा आणि पहिलं वाक्य हेच सांगा: माझी झडप बदललेली आहे.