इंग्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी: आधी शाळा, मग व्हिसा
इंग्लंडमधल्या बहुतेक शाळा शिक्षकाकडे ‘क्यूटीएस’ हा अधिकृत दर्जा मागतात. फेब्रुवारी 2023 पासून भारतीय शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करता येतो, तोही विनाशुल्क. मात्र 11 ते 16 वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. इतिहास-भूगोलवाल्यांना ही वाट बंदच.

‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी आधी प्रायोजक परवाना असलेल्या शाळेत नेमणूक लागते. शाळेने दिलेल्या प्रायोजकत्व प्रमाणपत्राच्या आधारे 3 महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. खरा वेळ खातो तो पोलिसांचा चारित्र्य दाखला. क्षयरोग तपासणीचा अहवालही लागतो.

परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर खुली आहे. प्रमाणपत्रासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातही उभे करू नये.