सगळाच वात एक नव्हे

कराड, विटा किंवा तासगावच्या एस. टी. स्थानकावर गाडी लागली की एक दृश्य हमखास दिसते. दाराशी एखाद्या आजी थांबतात, दांडी घट्ट धरतात, एक हात गुडघ्यावर टेकवतात आणि "आई गं!" म्हणत पहिली उंच पायरी चढतात. मागचा कुणीतरी समजुतीने म्हणतो, "वात आहे, दुसरं काय!"

हा 'वात' आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे. एकाच गल्लीतील चार घरांची कल्पना करा. पहिल्या घरातील पासष्ट वर्षांच्या आजींना जिना उतरताना गुडघे दुखतात. दुसऱ्या घरातील पस्तिशीच्या सूनबाईंची बोटे सकाळी इतकी आखडलेली असतात की तास-दीड तास भाकरी थापता येत नाही. तिसऱ्या घरातील काका रात्री पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने जागे झाले. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्यांना सहन होईना. चौथ्या घरात पाचवीतला मुलगा आहे. त्याचा गुडघा परवा सुजला होता, आज तो उतरला आणि घोटा सुजला. गल्लीच्या भाषेत चौघांनाही 'वात' आहे. प्रत्यक्षात हे चार वेगळे आजार आहेत. त्यांची कारणे वेगळी, उपचार वेगळे, आणि दुर्लक्ष केले तर मोजावी लागणारी किंमतही वेगळी.

आपल्या जुन्या वैद्यांनीसुद्धा हे सारे एकाच गाठोड्यात बांधले नव्हते. चरकसंहितेत संधिगत वात आणि वातरक्त यांचे वर्णन वेगवेगळे आहे, तर माधवनिदानात आमवातासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गाठोडे बांधले ते आपल्या रोजच्या बोलण्याने.

सांधा असतो कसा?

दोन हाडे जिथे एकमेकांवर फिरतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात हा थर काही मिलिमीटर जाडीचा असतो. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्या आतल्या अस्तरातून बुळबुळीत वंगण पाझरते. निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसते. पण तेवढ्यावर गुडघा वर्षानुवर्षे चालतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या एकमेकींवर घासून पाहा. मग त्यांच्यामध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे दोन थेंब टाका आणि पुन्हा घासा. पडणारा फरक बोटांनाच कळेल. सांध्यातले वंगण साधारण असेच चिकट आणि निसरडे असते.

दुसरा प्रयोग स्पंजाचा. पाण्याने भिजलेला स्पंज ताटलीत ठेवून हाताने दाबा. पाणी बाहेर येते. हात काढला की ते पुन्हा आत शोषले जाते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला रक्तातून थेट पोषण मिळत नाही. सांधा हलतो, कूर्चा दाबली जाते आणि सुटते. या दाबण्या-सुटण्यातून वंगणातील पोषक द्रव्ये तिच्यात शिरतात. म्हणजे हालचाल हेच कूर्चेचे जेवण आहे. 'गुडघे दुखतात म्हणून हलवायचेच नाहीत' हा सल्ला कूर्चेला उपाशी ठेवतो.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी सुरुवातीला दुखत नाही. दुखते ते पुढे, खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे स्नायू यांच्यावर ताण आल्यावर.

आजींचा गुडघा

आजींना झाला आहे तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज. यात केवळ कूर्चा घासली जाते असे नाही. झीज आणि दुरुस्ती यांचा तोल बिघडतो, हाडाच्या कडेला टोके वाढतात, मांडीचे स्नायू दुबळे होतात. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम ही त्याची प्रमुख कारणे. कृष्णाकाठच्या उसात किंवा हळदीत दिवसदिवस भांगलण केलेल्या बाईच्या गुडघ्याने हा सारा हिशेब मांडून ठेवलेला असतो.

येथे थोडे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना तो तीन ते चार पट होतो. कारण वजनाबरोबरच सांधा सावरणाऱ्या स्नायूंची ओढही गुडघ्यावरच पडते. वजन जास्त असलेल्या आणि गुडघ्याची झीज झालेल्या लोकांवर केलेल्या मोजमापात असे दिसले, की शरीराचे वजन एक किलोने कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाची हजारो पावले मोजा, म्हणजे याचा अर्थ ध्यानात येईल.

म्हणून आजींचे पहिले औषध बाटलीत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा आणि सावकाश खाली घ्यायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. यामुळे मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्याला आधार मिळतो. सोबत सपाट रस्त्यावर चालणे, वजन उतरवणे आणि उकिडवे बसणे टाळणे. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात घ्यावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात. आखडलेल्या सांध्याला शेक आणि ताज्या सुजेला थंड पट्टी, एवढे घरात चालते. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून आणि मोजक्याच घ्याव्यात. त्या दीर्घकाळ मनाने घेतल्या तर जठर व मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे, पहिला नव्हे.

सूनबाईंची बोटे

सूनबाईंचा आजार झिजेचा नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन-तीन पटींनी अधिक आढळतो. खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत : दोन्ही हातांचे लहान सांधे जोडीने सुजणे, सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकणे, थकवा, आणि हे सारे आठवडेच्या आठवडे चालणे. आजींचा गुडघा कामाने दुखतो व विश्रांतीने निवतो. सूनबाईंची बोटे विश्रांतीनंतर अधिक आखडतात व हालचालीने मोकळी होतात. केवळ या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो.

आपल्या भागाला जवळचे असे एक सर्वेक्षण पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झाले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील ४,०९२ प्रौढांची घरोघर पाहणी केली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. झिजेचा संधिवात साधारण सहा टक्क्यांत, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्ध्या टक्क्यात आढळला. अर्धा टक्का लहान वाटतो. पण पाच हजार प्रौढांच्या गावात तो पंचवीस माणसे होतो. दुखणाऱ्या शेकडो लोकांत हे पंचवीस जण सहज हरवतात. हरवून चालत नाही, कारण यांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची असते. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले तर बोटे वाचू शकतात. वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

या आजारावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते, आणि गर्भारपणात ते चालत नाही. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायला हवे.

पुडीतली जादू

इथेच एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला नव्यानेच हाती आलेले कॉर्टिझोन टोचले. काही दिवसांतच ती हिंडू-फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दुसरी बाजूही पुढे आली : चेहरा गोल सुजणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, जंतुसंसर्गाला तोंड देण्याची ताकद घटणे. शिवाय औषध थांबले की दुखणे परत हजर!

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, ठरावीक काळ दिले तर ते उपकारकच ठरते. धोका आहे तो नाव नसलेल्या पुडीत. 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. दुखणे थांबते आणि आत हाड कुरतडणे चालूच राहते. वाचवण्याचे महिने त्या समाधानात निघून जातात. बरेच दिवस अशी पुडी घेतलेल्याने ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

काकांचा अंगठा

काकांना गाऊट आहे. रक्तातील युरिक आम्ल प्रमाणाबाहेर वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. पण पायाच्या अंगठ्यातच का? काकवीचा डबा आठवा. थंडीत त्याच्या तळाशी साखरेचे खडे जमतात, कारण तापमान उतरले की विद्राव्यता घटते. पायाचा अंगठा हा शरीराचा तुलनेने थंड भाग आहे. युरिक आम्लही बहुधा तिथेच प्रथम खडे धरते.

गाऊटवरचे एक जुने औषध म्हणजे कोल्चिसीन. गंमत अशी, की पावसाळ्यात साताऱ्याच्या डोंगरकुशीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हेच द्रव्य बाळगून असते. मात्र तिचा कंद जहाल विषारी आहे. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा. आणि कंदातली मात्रा घरी मोजता येत नाही. कळलावी पाहावी, खाऊ नये.

सांगलीच्या हळदीविषयीही विचारले जाते. पूर्वी हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी ही हळद प्रसिद्धच आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कर्क्युमिनच्या अर्काने गुडघेदुखी थोडी उतरते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्केच असते आणि आतड्यातून ते फार कमी शोषले जाते. हळदीचे दूध आनंदाने प्यावे. सूनबाईंच्या औषधाऐवजी मात्र नव्हे.

ताप येऊन एकाच वेळी अनेकांचे सांधे धरले, तर चिकुनगुन्या आठवावा. १९७३ साली बार्शीत आणि २००६ साली महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत त्याची साथ आली होती. त्याचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. माण, खटाव, आटपाडी, जत या टंचाईच्या भागांत पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नसते. तिथे भांडी झाकणे आणि आठवड्याला एकदा कोरडी करणे हाच सांध्यांचा बचाव.

पाचवीतला मुलगा

आता चौथे घर, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मुलाला घसा दुखून ताप आला होता, तो गेला. दोन-तीन आठवड्यांनी मोठे सांधे एकामागून एक सुजू लागले. हा संधिवाताचा ज्वर असू शकतो. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली शस्त्रे चुकून शरीराच्याच ऊतींवर चालतात. पाच ते पंधरा हे त्याचे मुख्य वय, म्हणजे नेमके शाळेचे.

यातील फसवणूक अशी, की सांधे काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. घरचे निर्धास्त होतात. पण त्याच वेळी हृदयाच्या झडपांना सूज येऊन गेलेली असू शकते, आणि पुन्हा पुन्हा असा हल्ला झाला तर झडपा कायमच्या खराब होतात. ते टाळण्याचा उपाय साधा आहे : दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे एक इंजेक्शन, अनेक वर्षे, न चुकता. बरे वाटणाऱ्या मुलाला इतकी वर्षे सुई टोचून घ्यायला लावणे घरच्यांना जड जाते. तिथे शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो. मूल लंगडत आले, खेळाच्या तासाला बाजूला बसू लागले, जिना चढताना धापा टाकू लागले तर 'नाटक करतो' म्हणण्यापूर्वी पालकांना बोलावून घ्यावे. आणि तापाबरोबर एकच सांधा लालबुंद, गरम होऊन हलवताच येत नसेल, तर सांध्यात पू होण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मग रुग्ण मूल असो की आजी.

सातारा, कराड, सांगली, मिरज येथे तपासणीची सोय आहे. मिरजेला तर रुग्णसेवेची परंपरा १८९४ सालापासूनची, डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयापासूनची आहे. अडचण बहुतेकदा अंतराची नसते. 'वातच आहे' या दोन शब्दांची असते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घरी विचारून वहीत लिहिण्यासाठी चार प्रश्न द्यावेत : कोणता सांधा दुखतो? कधीपासून? सकाळी आखडलेपणा किती वेळ राहतो? सूज किंवा ताप आहे का? निदान करणे हे मुलांचे काम नव्हे. पण ही चार उत्तरे लिहिलेला कागद आजींच्या किंवा आईच्या हाती दिला, तर डॉक्टरांपुढे बसल्यावर "वात आहे" एवढेच सांगून त्यांना परतावे लागणार नाही.