मालूला : एका डोंगरगावच्या जुन्या भिंती आणि जुनी बोली



बांधकाम मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने प्राचीन ख्रिस्ती मठांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी पदवीधर नाही. जे थोडेफार वाचले, ते सभा आटोपल्यावर मोफत वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु भिंत कोणी बांधली, कशी बांधली आणि ती किती जुनी हे कशावरून ओळखावे, हे प्रश्न माझ्या रोजच्या सोबत्यांच्या धंद्यातलेच आहेत. आजचे गाव मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यांनी पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले, त्यांच्या आधारे एका कारागिराच्या नजरेने ते आपणांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सीरियाची राजधानी दमास्कस. तिच्या ईशान्येस सुमारे ५६ किलोमीटरांवर, कलमूनच्या डोंगरांत, १,५०० मीटरांहून अधिक उंचीवर मालूला हे गाव वसले आहे. पाठीशी चुनखडीचा उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी एकावर एक रचल्यासारखी घरे. खालच्या घराचे धाबे तेच वरच्या घराचे अंगण. कड्यात ठिकठिकाणी कोरलेल्या गुहा आहेत; कोणी त्यांत राहिले, कोणी मृतांना ठेवले, कोणी प्रार्थनेला बसले. कडा मध्येच चिरून एक अरुंद घळ गेली आहे. वर मान केली तर आकाशाची पट्टी तेवढी दिसावी, इतकी ती अरुंद. गावाच्या नावाचा अर्थ अरामी भाषेत ‘प्रवेशाची वाट’ असा सांगतात, तो या घळीमुळेच.

या घळीची कथा गावातले पोरही सांगते. तकला नावाची एक तरुणी आशिया मायनरमधील इकोनियमची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कोन्याची. संत पॉलचा उपदेश ऐकून तिने ठरलेले लग्न मोडले आणि घर सोडले. पाठलाग करणारे मागे लागले, पुढे कडा आडवा आला, तिने प्रार्थना केली आणि डोंगर दुभंगून वाट झाली. तिची गुहा दाखवतात तेथे कातळातून पाणी ठिबकते, आणि भोवती मार तकलाचा मठ उभा आहे. ‘मार’ हा शब्द अरामी, अर्थ ‘स्वामी’. मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा असून तेथील धर्मभगिनींनी अनाथ मुलींचा सांभाळ केला आहे. ख्रिस्ती भाविकांबरोबर मुसलमान स्त्रियाही नवस करायला येथे येत आल्या आहेत.

आता इतिहास काय म्हणतो? घळ पाण्याने कापली, हे भूगोल जाणणाऱ्याला सांगायला नको. तकलाची कहाणी सांगणारा ग्रंथ दुसऱ्या शतकातला. तो आशियातील एका धर्मगुरूने रचला आणि त्यापायी त्याला आपले पद सोडावे लागले, असे टर्टुलियन या लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास नोंदवले आहे. शिवाय तकलाचे अखेरचे स्थान म्हणून तुर्कस्तानातील सिलिफकेजवळचे एक ठिकाणही प्रसिद्ध आहे, आणि पाचव्या शतकात तेथे थोरले चर्च उभे राहिले. एकाच संताची दोन स्थाने असावीत यात अघटित काही नाही. आपल्याकडेही एकेका संताच्या पादुका अनेक गावी असतात. श्रद्धा आणि पुरावा यांची गल्लत न केली, म्हणजे दोहोंचाही मान राहतो.

कड्याच्या माथ्यावर दुसरा मठ आहे, मार सर्किसचा. तो रोमच्या पोपांना मानणाऱ्या मेल्काइट पंथाचा. सर्किस म्हणजे सर्जियस. तो आणि बॅकस हे दोघे रोमन सैन्यातील शिपाई. ज्युपिटरला बळी अर्पण करण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांना ठार मारण्यात आले, अशी परंपरा आहे. मठाचे दार इतके ठेंगणे की आत जाणाऱ्याने वाकलेच पाहिजे. आतले चर्च लहान आणि साधे. परंतु त्यातल्या दोन गोष्टींवर अभ्यासकांचे फार लक्ष गेलेले आहे. एक वेदी आणि दुसरी भिंतीतली लाकडे.

वेदी संगमरवरी. एका अंगाला सरळ, दुसऱ्या अंगाला अर्धगोल, आणि कडेला परातीसारखा उभा काठ. पूर्वीच्या मूर्तिपूजकांच्या वेदीला असा काठ असे, कारण तिच्यावर पशू कापला जाई आणि रक्त वाहून जाण्यासाठी भोक ठेवलेले असे. येथे काठ आहे, भोक मात्र नाही. कारागिराच्या भाषेत सांगायचे तर हात जुन्या वळणाचा आणि काम नवे. पाथरवटाला ठाऊक असलेला घाट त्याने घडवला. पण गिऱ्हाइकाचा धर्म बदलला होता, रक्ताची गरज उरली नव्हती, म्हणून भोक पाडले नाही. धर्मातील एवढी मोठी क्रांती एका न पाडलेल्या भोकात उतरलेली आहे!

यावरून मठवासी असे सांगत आले की, इ. स. ३२५ च्या निकियाच्या धर्मपरिषदेने सपाट वेदीचा नियम केला, त्याअर्थी ही वेदी आणि हे चर्च त्यापूर्वीचे. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. निकियाच्या परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत आणि त्यांत वेदीच्या आकाराचा नियम नाही. शिवाय काठ असलेल्या अशा अर्धगोल संगमरवरी शिळा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात चौथ्यापासून सहाव्या शतकापर्यंत जेवणाच्या मेजासाठी आणि पूजेसाठीही वापरात होत्या. तेव्हा वेदी फार प्राचीन आहे हे खरे. ३२५ पूर्वीची आहेच, असे तिच्या आकारावरून सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट लाकडांची. दगडी भिंतीत काही थरांनंतर आडवी लाकडे घातलेली आहेत. ती शोभेची नव्हेत. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. भूकंपात भिंत हलली की तिची दोन तोंडे एकमेकांपासून सुटू पाहतात. लाकूड त्यांना बांधून धरते आणि स्वतः थोडे वाकून धक्का गिळते. १९९३ साली किल्लारीला मदतीस गेलो असता हातभर जाड दगडमातीच्या भिंती मी पाहिल्या. त्यांची आतबाहेरची तोंडे जोडणारा आडवा दगडच नसल्याने त्या फुटून माणसांवर पडल्या होत्या. भूकंपाच्या प्रदेशात हे शहाणपण जुन्या सीरियन गवंड्याला ठाऊक होते.

या लाकडाची परीक्षा होऊन ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले, असे मठात सांगत. ते मान्य केले तरी अशा परीक्षेने झाड केव्हा वाढले एवढेच कळते, भिंत केव्हा उभी राहिली हे नव्हे. जुन्या इमारतीची तुळई काढून नव्या इमारतीत घालणे हा गवंड्यांचा सनातन रिवाज आहे. तेथे आधी एखादे रोमन देवालय असेल आणि त्याचे लाकूड व चिरे चर्चला कामी आले असतील, तर त्यात कोणतेच आश्चर्य नाही.

परंतु श्रोतेहो, मालूलाचे सर्वांत जुने बांधकाम दगडाचे नाही, ते शब्दांचे आहे. या गावात अरामी बोलतात. इसवी सनापूर्वी इराणच्या सम्राटांचा कारभार या भाषेत चाले. अशोकाने कंदाहारच्या खडकावर लेख कोरवला तो ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत. १९५८ साली तो उजेडात आला. येशूची बोलीही अरामी होती. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक मृतांसाठी जी कद्दिश प्रार्थना म्हणतात, तीही मुख्यतः अरामीतच आहे. या भाषेच्या पूर्वेकडील शाखा इराक, इराण, तुर्कस्तान येथील समाजांत टिकून आहेत. पण पश्चिमेकडील शाखा बोलणारी गावे जगात तीनच राहिली. मालूला, बखआ आणि जुबादीन. त्यांपैकी बखआ आणि जुबादीन येथील लोक मुसलमान आहेत! भाषा धर्माची मिरासदारी नसते, याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

बेर्गष्ट्रेसर या जर्मन पंडिताने १९१४ साली मालूलात येऊन या बोलीतल्या कथा उतरवून घेतल्या. १९८० नंतर वेर्नर आर्नोल्ड यांनी तिन्ही गावांच्या बोलीचे खंड सिद्ध केले. या शतकाच्या पहिल्या दशकात दमास्कस विद्यापीठाने गावात अरामी शिकवणारी संस्था काढली. परंतु शिकवण्याची चौकोनी लिपी हिब्रूसारखी दिसते, अशी शंका निघाली आणि २०१० साली तिचे काम थांबले. अक्षराच्या वळणापायी वर्ग बंद पडावा, हे राजकारणाचे विचित्र सामर्थ्य होय.

मग युद्ध आले. सप्टेंबर २०१३ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी गावावर हल्ला केला. डिसेंबरात मार तकलाच्या धर्मभगिनींना पळवून नेण्यात आले. मार्च २०१४ मध्ये त्या सुटल्या. एप्रिलमध्ये सरकारी सैन्य गावात शिरले, तेव्हा गुहेतले स्थान जळालेले, जुनी चित्रे लुटलेली आणि मार सर्किसच्या वेदीची मोडतोड झालेली आढळली. गावकरी दमास्कसला, लेबनॉनला पांगले होते. बखआची दशा तर याहून वाईट झाली.

पुढील वर्षांत मठांची दुरुस्ती झाली. क्रूसाच्या सणाला, १४ सप्टेंबरच्या आदल्या संध्याकाळी, घळीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवर होळ्या पेटवण्याची चालही पुन्हा सुरू झाली. परंतु परतले ते सगळे नव्हेत. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसची राजवट कोसळली आणि नव्या धास्तीची त्यात भर पडली.

मी गवंड्यांचा माणूस आहे. भिंत पडली तर ती पुन्हा उभारता येते, हे मी पाहिलेले आहे. दगड तोच, चुना तोच, हात मात्र शिकलेला पाहिजे. भाषेचे तसे नाही. ती आजीच्या तोंडातून नातवाच्या कानात जाते. नातू पोटासाठी शहरात गेला आणि तेथेच त्याने घर केले, की तो धागा तुटतो. मालूलाची तरुण मुले युद्धापूर्वीच कामासाठी दमास्कसला आणि बैरूतला जात होती आणि घरी अरबी घेऊन येत होती. आमच्या नाक्यावरच्या वडार बाईने नातवाला वडारीत हाक मारावी आणि त्याने मराठीत ओ द्यावी, हे मी रोज ऐकतो.

म्हणून वारसा जपायचा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी सांगेन की वेदी सांधा, लाकडे सांभाळा, ग्रंथ छापा. पण त्याआधी त्या गावात निर्भय झोप आणि दोन वेळची भाकर मिळेल, अशी व्यवस्था करा. बोलणारा माणूस गावात राहिला तर बोली राहील. तो गेला, तर मालूलात सुंदर दुरुस्त केलेल्या भिंती उरतील आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कोणी उरणार नाही.