आईला आरोपी करण्याआधी रक्त तपासा

नागपूरजवळच्या एका खेड्यातील बाई पोटगीच्या दाव्यासाठी आमच्याकडे आल्या. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. त्याचा उजवा गुडघा टम्म सुजलेला, पाय सरळ करू देईना. नवऱ्याच्या लेखी जबाबात म्हटले होते की ही बाई पोराला मारते. अंगावरचे काळेनिळे डाग हाच पुरावा! सासूचे म्हणणे वेगळे. तिने बाहेरची बाधा ठरवून गंडा बांधला होता.

आम्ही डॉक्टर नाही. पण आमच्या एका जुन्या अशिलाचा मुलगा अशाच सुजेतून कायमचा लंगडा झालेला आम्ही पाहिला आहे. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागवल्या. एकाने मुरगळ लिहिली होती, दुसऱ्याने संधिवात. तिसऱ्याने सुई घालून गुडघ्यातले पाणी काढायला घेतले, तर रक्त आले आणि सूज दुप्पट झाली. रक्त गोठण्याची तपासणी एकानेही लिहिलेली नव्हती. ती करवून घेतली तेव्हा हिमोफिलिया निघाला.

या आजारात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. तो बहुधा मुलग्यांना होतो. मूल रांगू-चालू लागले की गुडघा, घोटा, कोपर यांत आतल्या आत रक्त साचते. सूज दिसण्याआधीच मूल पाय टेकत नाही, हात हलवू देत नाही. कपाळावर टेंगळे, लस टोचली तिथे गाठ, ओठ फाटला तर तासन्‌तास रक्त. या खुणा आईला माहीत असतात, पण तिला विचारतो कोण? ताप असून सांधा गरम असेल तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप नसताना वरचेवर सूज येत असेल तर रक्तस्रावाचा विचार झालाच पाहिजे.

साध्या रक्त तपासणीत प्लेटलेट ठीक दिसतात आणि सगळे निर्धास्त होतात. एपीटीटी नावाची तपासणी मागा. सौम्य आजारात तीही चकवू शकते. म्हणून शंका उरली तर घटकांचे प्रमाण मोजून घ्या. तोवर मालिश नको, शेक नको, अ‍ॅस्पिरिन नको, दंडावर-कुल्ल्यावर इंजेक्शन नको, आणि सांध्यात सुई तर नकोच. रक्त पुन्हा पुन्हा साचले की सांध्याची कूर्चा झिजते, ती परत येत नाही.

आमच्या विदर्भात हातपाय सुजले की सिकलसेल आठवतो. आठवलाच पाहिजे; लहानग्यांच्या हातापायांची बोटे त्यातही सुजतात. पण ती तपासणी निर्दोष आली की फाईल बंद होते, हे चूक.

आता आईच्या माथी मारला जाणारा दोष. हा दोष आईकडून येऊ शकतो, तो तिने केलेला नसतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर हा आजार आधी कुणालाच नसतो.

कायद्याचेही सांगू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांचा हक्क आहे. पण कलम ३४ मधील नोकरीच्या चार टक्क्यांत रक्ताचे आजार नाहीत. सांधा निकामी होऊन माणूस अस्थिव्यंग ठरला तरच ते दार उघडते! हा कोणता न्याय?

ठरावीक सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. या मुलालाही तो सुरू झाला. तपासणीचा अहवाल आम्ही न्यायालयात दाखल केला, तेव्हा नवऱ्याने मारहाणीचा आरोप मागे घेतला. पोटगीचा दावा चालू आहे. मुलगा भिंत धरून चालतो, गुडघा मात्र पुरता सरळ होत नाही.