माशांचे जन्मजात पहारेकरी

बडोदे शहराच्या मध्यभागी सूरसागर तलाव आहे. गायकवाडांच्या या नगरीतील गणपतींचे विसर्जन पूर्वी याच तलावात होत असे. अशा साचलेल्या पाण्यात निर्माल्य आणि सांडपाणी कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरून मरतात. हे आपल्या सहज लक्षात येते. परंतु त्या दिवशी वाचलेले मासेही पुढे काही दिवसांत अंगावर लाल चट्टे आणि व्रण येऊन मरू लागतात, असेही पुष्कळदा घडते. हे कशामुळे?

या रोगाचे एक प्रमुख कारण म्हणजे एरोमोनस हायड्रोफिला हा जीवाणू. गंमत अशी की हा जीवाणू बाहेरून यावा लागत नाही. तो गोड्या पाण्यात नेहमीच असतो. निरोगी माशाच्या आतड्यातही सापडतो. मग प्रश्न असा पडतो की, एरवी मासा आजारी का पडत नाही?

आपल्याप्रमाणे माशाच्या शरीरातही प्रतिपिंडे तयार होतात. पण ती तयार व्हायला वेळ लागतो. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने पाणी थंड असेल तर कित्येक आठवडे जातात. जीवाणू मात्र काही तासांत अनेक पटींनी वाढतात. म्हणून माशाची पहिली भिस्त जन्मापासून सज्ज असलेल्या प्रथिनांवर असते.

मासा हातातून निसटतो तो त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे. या थरात लायसोझाइम नावाचे एन्झाइम असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये मानवी शरीरातील स्रावांत त्याचा शोध लावला. ते जीवाणूची भित्तिका तोडते. परंतु एरोमोनससारख्या जीवाणूंच्या भित्तिकेवर आणखी एक बाह्य आवरण असते. तेथे रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने उपयोगी पडतात. एका प्रथिनाने दुसऱ्याला जागे करावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही साखळी असते. अखेर ती प्रथिने एकत्र येऊन जीवाणूच्या आवरणाला छिद्र पाडतात. छिद्र पडले की लायसोझाइमलाही वाट मिळते. सस्तन प्राण्यांत या साखळीतील सी-3 हे मुख्य प्रथिन एकाच प्रकारचे असते. ट्राउट व कार्प माशांत त्याचे अनेक प्रकार आढळले आहेत.

तिसरा पहारेकरी ट्रान्सफेरिन. तो कोणाला मारत नाही. फक्त रक्तातील लोह घट्ट धरून ठेवतो. लोहावाचून जीवाणूंची वाढ होत नाही. शत्रूची रसद तोडण्याचा गनिमी कावाच म्हणा ना! याशिवाय लेक्टिन नावाची प्रथिने जीवाणूंच्या पृष्ठभागावरील शर्करा ओळखून त्यांना चिकटतात व भक्षक पेशींना ‘हा पहा परका’ अशी जणू खूण करतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. प्राणवायू कमी पडला, तळ्यात मासे दाटीने वाढवले किंवा जाळ्यात ओढताना बुळबुळीत थर खरवडला गेला, की माशावर ताण पडतो. ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि ते दीर्घकाळ वाढलेले राहिले की ही संरक्षणव्यवस्था दुबळी होते. शत्रू तोच व तेवढाच असतो. पहारा मात्र ढिला पडतो.

मत्स्यशेती करणाऱ्यांना यात मोठा धडा आहे. रोग दिसताच तळ्यात प्रतिजैविके ओतण्याचा मोह होतो. त्यामुळे औषधांना दाद न देणारे जीवाणू निपजतात, आणि ते माशांपुरतेच राहतील याची हमी नाही. त्यापेक्षा पाणी स्वच्छ राखणे, माशांची दाटी टाळणे व त्यांना हळुवार हाताळणे हे उपाय साधे आणि अधिक टिकाऊ आहेत. शास्त्रज्ञ आणखी एक मार्ग चोखाळीत आहेत. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत एरोमोनसला तोंड देऊ शकणाऱ्या रोहू माशांची निवड करून त्यांची पैदास करण्याचे प्रयोग झाले आहेत.

निसर्गाने माशाला पहारेकरी दिले आहेत. त्यांना काम करता येईल असे पाणी ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.