सुरत ते दीव : आकाशातील अंतर व घरापासूनचा वेळ

आपल्या लिंबायत भागातील अनेक कुटुंबे सौराष्ट्रातील तीर्थांच्या दर्शनास नेहमी जात असतात. ऊन्याजवळील अजाहरा पार्श्वनाथ हे त्यांपैकी एक प्राचीन क्षेत्र होय. सम्राट अकबराने ज्यांना आदराने पाचारण केले, ते जगद्‌गुरू हीरविजयसूरी विक्रम संवत् १६५२ मध्ये ऊना येथेच कालधर्म पावले. ऊन्यापासून सुमारे १५ किलोमीटरांवर दीव बेट असून त्यावर विमानतळ आहे. म्हणून वृद्ध मातापित्यांना नेताना विमान बरे की मोटार बरी, हा प्रश्न सहजच उपस्थित होतो.

प्रथम अंतर पाहू. सुरत व दीव येथील विमानतळांच्या रेखांशांत सुमारे १.८ अंशाचा आणि अक्षांशांत ०.४ अंशाचा फरक आहे. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर व अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. यावरून सरळ अंतर सुमारे १९५ किलोमीटर येते. परंतु मध्ये खंभातचे आखात पसरलेले असल्यामुळे मोटारीस बडोदा व भावनगरमार्गे वळसा घालावा लागतो आणि तेच अंतर ५०० किलोमीटरांहून अधिक होते.

आता वेळेचा हिशेब. पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या मानाने हे अंतर २३ मिनिटांचे. मात्र धावपट्टीवरील चाल, चढण व उतरण धरता पाऊण तास मोजावा. त्यात लिंबायतहून शहराच्या दुसऱ्या टोकास डुमस मार्गावरील विमानतळ गाठण्याचा एक तास, तेथील तपासणी व प्रतीक्षेचा दीड तास आणि दीवहून ऊन्यापर्यंतचा एक तास मिळविला, म्हणजे एकूण सव्वाचार तास होतात. मोटारीस ताशी ५० किलोमीटर वेग धरला तरी दहा तास लागतात.

तिसरा मार्ग जलमार्गाचा. हजिरा ते घोघा ही वाहनवाहू नौका ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. सुमारे ९० किलोमीटरांचा हा प्रवास अंदाजे चार तासांचा आहे. घोघ्याहून पालिताणा सुमारे ७० किलोमीटर असल्याने शत्रुंजयाच्या यात्रेकरूंस ती सोयीची ठरते. ऊन्याकडे जाणाऱ्यास मात्र घोघ्यापुढे तळाजा, महुवा, राजुला असा लांब रस्ता उरतोच.

तात्पर्य, व्यापारी जसा केवळ खरेदीचा भाव न पाहता हमाली, भाडे व जकात मिळवून मालाची पडती किंमत काढतो, तसाच प्रवासाचा वेळ उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावा. विमानांची वेळापत्रके मार्च व ऑक्टोबर महिन्यांच्या अखेरीस बदलतात आणि लहान मार्गावर रोज विमान असेलच असे नाही. यास्तव परतीच्या दिवसाची खात्री करून मगच तिकीट काढावे. अन्यथा वाचविलेले सहा तास एका मुक्कामात खर्ची पडतील.